मूळ खुर्ची की नक्कल? समुद्राकाठच्या घरासाठी मिड-सेंच्युरी फर्निचर निवडताना

प्रश्न असा आहे: गुहागरला समुद्रापासून तीनेकशे मीटरवर घर बांधून झालंय. त्यात मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या घाटाचं, फर्निचर हवंय. ओटी उघडी, आतली बसायची खोली एसीची. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ‘ओरिजिनल चंडीगड’ म्हणून (म्हणजे चंडीगड शहर उभारताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेल्या) वेताच्या दोन खुर्च्या आणि एक डॅनिश सागवानी सोफा दाखवलाय. त्याच घाटाच्या नव्या खुर्च्या जोधपूरहून बऱ्याच कमी पैशात मिळतात. गावातला सुतार म्हणतो, फोटो द्या, मी करून देतो. ओटी, बसायची खोली आणि जेवणाचं टेबल यांसाठी काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. चंडीगडच्या खुर्च्यांना ‘मूळ’ म्हणून किंमत मोजायची ती कागद असतील तरच. नसतील तर जुन्या सागवानी खुर्च्यांचा भाव द्या आणि आनंदाने घ्या. डॅनिश सोफ्याचा सांगाडा भरीव सागवानाचा असेल तर तो आतल्या खोलीत छान राहील, पण बसकेचे पट्टे आणि फोम नव्याने करायचा खर्च आधीच धरा. जोधपूरचा माल खाली सांगितलेल्या तपासण्यांतून गेला तरच. ओटीवरचं आणि जेवणाचं टेबल मात्र गावच्या सुताराकडूनच करून घ्या, फक्त फोटोवरून नको.

‘मूळ’ या एका शब्दाखाली बाजारात चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, त्या काळात बनलेली आणि कुणी बनवली ते माहीत असलेली. दुसरी, तोच आराखडा आजही हक्काने बनवणाऱ्या कंपनीची नवी खुर्ची. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची इम्स लाउंज चेअर किंवा कार्ल हॅन्सन या डॅनिश कंपनीची विशबोन खुर्ची आज कारखान्यातून निघाली तरी ती अस्सलच. तिसरी, त्या काळातलं पण बिननावाचं काम: मुंबईच्या सुतारांनी पन्नास-साठच्या दशकात केलेले निमुळत्या, तिरक्या पायांचे सागवानी कोच आणि वेताच्या खुर्च्या. चाकरमान्यांच्या सामानाबरोबर यातलं पुष्कळ कोकणातही आलं. चौथी म्हणजे नक्कल. माझ्या मते कोकणातल्या घराला पैशाचं सर्वांत चांगलं मोल तिसऱ्या प्रकारात मिळतं, आणि त्याच्याकडेच लोक सर्वांत कमी बघतात. चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मोठ्या नावाच्या शेजारीच हे नग पडलेले असतात. लाकूड जुनं, गाभ्याचं, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत साठ पावसाळे काढलेलं.

आता चंडीगड. या फर्निचरचे मुख्य रचनाकार, स्विस वास्तुकार पिएर जानेरे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६५ पर्यंत तिथे होते. युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुकारांचाही त्या फर्निचरच्या कामात हात होता. सरकारी कचेऱ्या, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांसाठी हजारो नग लागले आणि ते वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या सुतारांनी केले. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन अस्सल खुर्च्यांत हाताच्या जाडीचा, पायाच्या कोनाचा फरक सापडतो. पुस्तकातल्या मापाशी जुळत नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही आणि तंतोतंत जुळते म्हणून खरीही ठरत नाही. नंतरच्या काळात कचेऱ्यांनी हे सामान मोडीत, लिलावात काढलं. परदेशातल्या लिलावांत त्याला लाखांचा भाव येऊ लागल्यावर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंडीगडच्या वारसा-सामानाच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली. म्हणून व्यापाऱ्याला पहिला प्रश्न हाच: कोणत्या कचेरीच्या, कोणत्या वर्षीच्या लिलावातला नग, आणि पावती कुठे? १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षं झालेल्या वस्तूंना लागतो, तेव्हा ‘पुरातत्त्व खात्याचा दाखला आहे’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबा.

खुर्चीच्या मागच्या पट्टीवर रंगाने लिहिलेली अक्षरं आणि आकडे हा पुरावा म्हणून दाखवला जातो. सरकारी नगांवर ती असत हे खरं, पण स्टेन्सिल कापून रंग मारायला दहा मिनिटं लागतात. भिंग घेऊन बघा. जुना रंग लाकडाच्या रेषांत उतरलेला असतो, मधूनमधून झिजलेला असतो, आणि त्याच्या कडांवर नंतरच्या पॉलिशचे थर चढलेले दिसतात. नवा रंग पॉलिशच्या वर बसलेला असतो आणि कडा स्वच्छ असतात. मालकाच्या परवानगीने आकड्यापासून दूर, आडोशाच्या जागी कापसाने स्पिरिट चोळा. चिकट होऊन तपकिरी उतरलं तर चपड्याचं जुन्या पद्धतीचं पॉलिश आहे. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरला दिली तर लॅकर. दोन्हींना दाद नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन ही आधुनिक पॉलिशं, म्हणजे वरचं काम तरी अलीकडचं.

यानंतर खुर्ची उलटी करा. खरी माहिती तिच्या पोटाखाली असते. त्या काळच्या आपल्याकडच्या कामात एका सरळ खाचेचे स्क्रू असत. मूळ सांध्यात चौफुलीचा स्क्रू दिसला तर तो नग नवा तरी आहे किंवा दुरुस्त तरी झालाय. कापड लोखंडी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेलं असायचं. हवेच्या बंदुकीच्या पिना नंतरच्या. खरी झीज असमान असते: हातांच्या पुढच्या टोकांना, पुढच्या पायांच्या तळाला, बसणाऱ्याच्या टाचा लागतात त्या आडव्या पट्टीला. नकली झीज सगळीकडे सारखी, पॉलिश पेपरने गोल केलेल्या कडांसारखी दिसते. गोल टेबल असेल तर टेपने व्यास दोन दिशांनी मोजा. जुनं भरीव लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, त्यामुळे तीन फुटी टेबलात दोन मापांत तीन-चार मिलिमीटरचा तरी फरक सापडायला हवा. अगदी अचूक गोल निघालं तर एकतर ते नवं आहे किंवा प्लायवर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आहे.

वर्षापेक्षाही लाकडाची परीक्षा महत्त्वाची. सागवान नखाने घासलं की तेलकट, चामड्यासारखा वास येतो. पोटाखाली सुईच्या टोकाने बारीक ओरखडा काढा. खालून फिकट पांढरं किंवा गुलाबी लाकूड निघालं तर वर वॉलनटचा रंग चढवलाय. कोकणात फणसाचं लाकूडही जुनं झालं की गडद होतं आणि सागवान म्हणून खपतं. फणस वाईट नाही, आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या वाशा-तुळयांत तो टिकून आहे, पण त्याला सागवानाचा भाव देऊ नये. जोधपूरच्या मालात शिसम, बाभूळ आणि आंबा हे तिन्ही येतात. शिसमाचा गाभा उत्तम. आंबा मात्र भुंग्याला आमंत्रण. पॉलिशखाली बोटं एकमेकांत अडकवल्यासारखा नागमोडी जोड दिसला तर लहान तुकडे जोडून पट्टी केलेली आहे. टेबलाच्या फळीत ते चालेल, खुर्चीच्या पायात नाही.

गुहागरच्या हवेत लाकूड काय करतं, हा या सगळ्या प्रश्नाचा कणा आहे. जोधपूरच्या कोरड्या मोसमात लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांवर येतो. आपल्याकडे हिवाळ्यात तो अकरा-बारा असतो आणि आषाढ-श्रावणात उघड्या ओटीवर अठराच्या वर जातो. रोज एसी चालणाऱ्या खोलीत दहाच्या आसपास. बारावरून अठरावर जाताना तीन फूट रुंदीची सागवानी फळी पाच ते दहा मिलिमीटर फुगते: वरच्या बाजूला सरळ उभ्या रेषा असतील तर पाच, डोंगरासारखी नक्षी असेल तर दहा. ही ताकद कुठलाही गोंद किंवा स्क्रू अडवू शकत नाही. चौकटीला घट्ट स्क्रूने आवळलेली टेबलाची फळी म्हणूनच पहिल्याच पावसाळ्यात वाकते किंवा हिवाळ्यात तडकते. खाली वाकून बघा: फळी सरकत्या लाकडी गुटक्यांवर किंवा लांबट भोकातल्या स्क्रूवर बसवली असेल तर करणाऱ्याला काम कळतं. ड्रॉवरचा सहा इंची दर्शनी भाग दीडेक मिलिमीटर फुगतो, म्हणून वर दोन-अडीच मिलिमीटर फट हवीच. शोरूममध्ये घट्ट बसणारा सुबक ड्रॉवर श्रावणात उघडत नाही. पिनांचा ओलावा-मीटर सोबत न्या. बारा टक्क्यांच्या आतबाहेर आकडा आला तर ठीक, सोळा आला तर ते लाकूड अजून ओलं आहे.

सांध्यांकडे वळू. जुन्या खुर्च्यांत आडव्या पट्टीला कुसू (खाचेत बसणारी जीभ) आणि पायात खाच असते. पट्टीच्या जाडीचा साधारण तिसरा भाग कुसवाला, लांबी तीस-पस्तीस मिलिमीटर, आणि आतून सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद). स्वस्त नकलेत त्याच जागी आठ मिलिमीटरच्या दोन गोल खुंट्या आणि एक स्क्रू. खुर्ची सपाट लादीवर ठेवून एक हात पाठीवर, गुडघा बसकेच्या पुढच्या पट्टीला लावून तिरकी ढकला. सगळी चौकट एकसंध हलली तर बरं. बसक आणि मागचा पाय यांच्यामध्ये केसाएवढी रेषा उघडली-मिटली तर सांधा सुटलाय.

सुटलेला सरसाचा सांधा हे खुर्ची नाकारायचं कारण नाही, उलट दुरुस्तीला तो सर्वांत सोपा. गरम पाण्याने किंवा वाफेने सरस मऊ होतो, सांधा न फोडता उघडतो. बिघडतं ते पुढे. फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधीच्या कामात सरस असणार हे धरूनच चला, आणि नंतरही कित्येक वर्षं दोन्ही चालू होते. सरसावर पांढरा गोंद धरत नाही. कुसवावरून आणि खाचेतून सरस पूर्ण खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, लाकूड दोन दिवस वाळवल्याशिवाय नवा गोंद लावला तर तो सांधा पुढच्या मिरगापर्यंत सुटतो. गोंद पाण्याला टिकणारा, मरीन प्रतीचा घ्या. पावसाळी हवेत शिकंजा (सांधा आवळून धरणारा क्लॅम्प) पूर्ण चोवीस तास ठेवा. आणि घाईच्या दुरुस्तीत सांध्यातून आरपार खिळा मारू देऊ नका: कुसू चिरतं, लोखंड गंजून फुगतं, सागवानात काळा डाग पसरतो, आणि पुढच्या वेळी तो सांधा उघडताच येत नाही. पूर्वी असा खिळा मारलेली खुर्ची दिसली तर किंमत त्या हिशेबाने कमी करा.

भुंगा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा. जुनी, आतून काळवंडलेली भोकं असणं म्हणजे किडा आज जिवंत आहे असं नव्हे. खुर्ची झटका, पाय ठोकून भुसा पाडा, खाली काळा कागद अंथरून पंधरा दिवस थांबा. फिकट ताजी पूड पडली तर किडा चालू आहे. तो बहुतेक सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात असतो, सागवानाच्या गाभ्यात शिरत नाही. म्हणून सागवानी नगात कोपऱ्यात पांढरी पट्टी दिसली की तिथेच आधी बघा. पॉलिश नसलेल्या भागाला एक लिटर गरम पाण्यात ३५ ग्रॅम टाकणखार आणि २५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन हात द्या. पॉलिशवरून ते आत जात नाही, तिथे भोकाभोकांतून सिरिंजने कीटकनाशक सोडावं लागतं आणि ते पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम आहे. असा नग उपचाराआधी घरात आणू नका, शेजारच्या आंब्याच्या नाहीतर रबरवुडच्या वस्तूत तो पसरतो.

बसकेचं सांगतो. वेत दमट हवेला चांगला, एसीतच तो कोरडा पडून तडकतो. जुन्या कामात चौकटीला भोकं पाडून हाताने विणलेला वेत असतो. नकलेत बहुधा तयार जाळी खाचेत दाबून वर पट्टी ठोकलेली. दुसरा प्रकार वाईट नाही, पण एकदा सुटला की सगळाच सुटतो. झोळ पडलेला वेत बदलायच्या आधी खालून ओल्या फडक्याने भिजवा आणि रात्रभर कुणी बसू नका. तुटलेला नसेल तर वाळताना पुष्कळसा ताठ होतो. डॅनिश सोफ्यात खाली रबरी पट्टे असतात. अंगठ्याने दाबून बघा: कडक झाले असतील किंवा चिरा पडल्या असतील तर सगळे बदला, एखादा नको. पन्नास मिलिमीटर रुंदीचा पट्टा चौकटीच्या मापापेक्षा दहा टक्के आखूड कापून ताणून बसवतात. त्याच्या टोकांच्या लोखंडी पकडी खाचेत गंजलेल्या असतात. त्या काढताना खाचेची कड फुटू न देणं हाच कसबाचा भाग. जुना लेटेक्स फोम भुगा झालेला असतो, त्याच्या जागी चाळीस डेन्सिटीचा घ्या. गाद्यांना सुती खोळ, चेन लावून धुता येईल अशी. नकली चामडं, विशेषतः पीयू रेग्झिन, कोकणात घेऊच नये: हवेतलं पाणीच त्याचा थर तोडतं आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. अस्सल चामड्यावर पावसाळाभर बुरशी येते. विशबोनच्या बसकेची कागदी दोरी, सुमारे १२० मीटर, आतल्या कोरड्या खोलीत ठीक. ओटीवर ती सैल पडून काळी होते.

धातू. चुंबक खिशात ठेवा. पितळ म्हणून दाखवलेल्या पायाच्या टोप्यांना किंवा मुठींना चुंबक चिकटला तर वर पितळेचा नुसता मुलामा आहे आणि खारा वारा तो वर्षा-दोन वर्षांत खालून उचलतो. क्रोमच्या नळ्यांची गत तीच. स्टेनलेस घ्यायचं तर समुद्राकाठी ३१६ प्रतीचं. सागवानात पितळी स्क्रू चांगले, पण ते मऊ असतात: आधी भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी घाला, नाहीतर डोकं तुटून आत राहील.

इम्स लाउंजचा मोह झालाच तर तेवढं सांगून ठेवतो. ती १९५६ सालची. खुर्चीला पाच पाकळ्यांचा पाया, सोबतच्या पाय ठेवायच्या स्टुलाला चार. पाठीच्या लाकडी कवचावर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही, आणि पाठ मागे पाडायचा दांडा तिला नाही. पाठीचं कवच हातांना धरून ठेवतात ते आतून चिकटवलेले रबराचे गोळे. जुन्या खुर्चीत तेच कडक होतात आणि एखाद्या दिवशी पाठ रेलताना प्लायचा थर घेऊन सुटतात. जुनी घेणार असाल तर ते बदललेत का हे पहिलं विचारा. ब्राझिली रोजवुडच्या व्हिनियरची परदेशातून मागवायचं मनात असेल तर त्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, कागदांशिवाय ती सीमेवर अडकेल. चार पाकळ्यांची, आरपार बोल्ट असलेली, रेग्झिनची नक्कल गुहागरला पाठवायचं वाहतूकभाडंही वाया.

आता गावचा सुतार. इतक्या जुन्या आराखड्याची खुर्ची स्वतःच्या घरासाठी करून घेण्यात गैर काही नाही. ती कुणाच्या नावाने विकणं ही फसवणूक. फोटोवरून केलेली नक्कल बिघडते ती दोन ठिकाणी. एक, पाठीचा कलता कोन आणि बसकेचा मागचा उतार फोटोत कळत नाही. दुसरं, भीतीपोटी सुतार प्रत्येक पट्टी जाड करतो आणि खुर्ची बोजड होते. म्हणून मापं खऱ्या नगावरून घ्या आणि पूर्ण आकाराचं चित्र प्लायवर काढून घ्या. जेवणाच्या खुर्चीची बसक ४३ ते ४५ सेंटिमीटर, टेबल ७३ ते ७५. आधी एकच खुर्ची हलक्या लाकडात करा, तासभर बसून बघा, मग बाकीच्या.

चंडीगडच्या खुर्चीचा कंपाससारखा पाय करवून घेणार असाल तर लाकडाच्या रेषा कुठे धावतात ते करवत लागायच्या आधी बघा. दोन्ही फांट्यांत रेषा फांट्याच्या लांबीने गेल्या पाहिजेत. रुंद फळीतून अख्खा आकार एकसंध कापला तर एका फांट्यात रेषा आडव्या पडतात, आणि जड माणूस मागे झुकला की तिथूनच तो काडकन मोडतो. दोन फांटे वेगळे कापून वरच्या टोकाला कुसवाने जोडावेत. अशा एका खुर्चीत तयार लाकूड अर्ध्या घनफुटाच्या आसपास असतं, पण ते निघायला पाऊण ते एक घनफूट सागवान धरा. पांढरं लाकूड बाजूला काढायचं असेल तर एक धराच.

पॉलिश टेबलाच्या खालच्या अंगालाही तितक्याच हातांचं हवं, नाहीतर एकच बाजू ओल पिते आणि फळी वाकते. आत मॅट पीयू, ओटीवर तेल: ओटीवरचा कुठलाही काचेसारखा थर उन्हा-पावसात फुटतो, तेल मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक हात देऊन राखता येतं. अळशीच्या उकळलेल्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. वापरून झाल्यावर पाण्यात बुडवा. पायांच्या तळाची उघडी टोकं पातळ इपॉक्सीने दोनदा भरून घ्या आणि खाली नायलॉनच्या टोप्या ठोका. लादी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. जुन्या घरात सारवलेली जमीन असेल तर पायाखाली दगडी चकत्या ठेवा, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात.

वेळापत्रकही ठरवून घ्या. सागवान गणपतीनंतर घेऊन, जाडसर मापाला कापून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत सहा-आठ आठवडे रचून ठेवा. सांधे आणि पॉलिश दिवाळीनंतर. पावसात केलेल्या पॉलिशखाली ओल अडकून पांढुरकी छटा येते, आणि भाद्रपदात फुगलेल्या लाकडात घट्ट बसवलेलं कुसू माघात सैल होतं. मुंबईचा सोफा घेतलात तर तोही हिवाळ्यातच आणा आणि पहिले तीन-चार आठवडे एसी बंद ठेवलेल्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.